खेळयंत्र घेताना

मार्च महिन्यातली गोष्ट. द्राक्षाचा हंगाम उरकत आला होता. रात्री नऊच्या सुमारास तासगावाकडून आमच्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचा फोन आला. खुशाली विचारून झाली आणि मग दाजी मुद्द्यावर आले.

"पाव्हणं, तुमी कालिजात अर्थशास्त्र शिकवताय न्हवं? मग मला येवढं सांगा. ओंकारला बारावी झाल्यावर टीव्हीवर खेळायचं मशीन घिऊन द्यायचा शबूद दिलाय. सांगलीत दोन दुकानं फिरलो. पहिला म्हनतो ह्येच घ्या, दुसरा म्हनतो ते घेतलं तर फसाल. पन्नास हजाराचा मामला हाय. कुठलं घिऊ?"

मी म्हटले, "दाजी, दोन दिवस द्या. विचार करून सांगतो."

दोन दिवस मागितले याला कारण होते. दाजींची बाग दोन एकरांची. औषधाच्या दुकानाची उधारी हंगामावर फिटते आणि अवकाळी पाऊस आला की तीही फिटत नाही. अशा घरात पन्नास हजार रुपये पोराच्या खेळासाठी काढून ठेवायचे, म्हणजे बापाने मनाशी पुष्कळ झगडा केलेला असतो. तेव्हा उत्तर द्यायचे तर ते जाहिरात वाचून देण्यात अर्थ नव्हता. दाजींना जे सांगितले तेच आज तुमच्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो. हाच प्रश्न आज अनेक घरांत निघतो, आणि पालक तो शाळेतल्या गुरुजींकडेही घेऊन येतात.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. त्याला कन्सोल म्हणतात. आपण खेळयंत्र म्हणू. ही एक पेटी असते. ती टीव्हीला जोडायची, हातात कंट्रोलर धरायचा आणि पडद्यावरचा खेळाडू, मोटार किंवा योद्धा आपण चालवायचा. आत असतो तो एक संगणकच, पण खेळापुरता बांधलेला. अमेरिकेत १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेवरून असे पहिले घरगुती यंत्र विकावयास काढले. त्याचे नाव ओडिसी. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके हलत. मैदान, रस्ता, जाळी दाखवायला रंगीत पारदर्शक पत्रा टीव्हीच्या काचेवर चिकटवावा लागे.

आज बाजारात मुख्यतः तीन घराणी आहेत. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच. आता मुद्द्याची गोष्ट अशी की, या घराण्यांच्या सोयरिकी जुळत नाहीत. एकासाठी विकलेली तबकडी दुसऱ्यात चालत नाही. रेडिओ कोणत्याही कंपनीचा घ्या, केंद्र तेच लागते. इथे तसे नाही. इथे ज्या कंपनीचे यंत्र घ्याल त्या कंपनीच्या वाड्यात तुम्ही राहायला जाता, आणि पुढची सहा-सात वर्षे त्याच वाड्याच्या विहिरीचे पाणी पिता.

असे का केले असेल? तर त्यामागे व्यापाराचे एक साधे गणित आहे. गुरुजींना ते शाळेतल्या प्रिंटरवरून लगेच कळेल. प्रिंटर स्वस्त मिळतो, शाई महाग पडते. खेळयंत्राचेही तसेच. यंत्र अनेकदा अगदी थोड्या नफ्याने, कधी तर तोटा सोसूनही विकले जाते. पैसा मिळतो तो पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर. खेळ बनवणारी कंपनी निराळी असली तरी यंत्रवाल्या कंपनीला त्यात वाटा द्यावा लागतो. म्हणजे दुकानदार जेव्हा "यंत्र कोणते?" असे विचारतो, तेव्हा खरा प्रश्न असतो, "पुढची सहा वर्षे खेळ कोणाकडून घेणार?"

हे मी दाजींना सांगू लागलो तेव्हा त्यांनी एका वाक्यात ते माझ्यापेक्षा चांगले मांडले. म्हणाले, "म्हंजे मशीन हा खुंट झाला. डॉगरिजचा खुंट कितीबी जोराचा असू द्या, घड लागत्यात ते वर बांधलेल्या काडीला."

अगदी बरोबर. आणि हे केवळ बोलण्यापुरते नाही. गेल्या चाळीस वर्षांचा या धंद्याचा इतिहास हेच दाखवतो.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत अटारी कंपनीच्या यंत्राची चलती होती. पण त्यावर कोणीही उठावे आणि खेळ काढावा, अशी स्थिती झाली. वाईट खेळांचा सुळसुळाट झाला. १९८२ साली ई. टी. या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ नाताळच्या मुहूर्तासाठी जेमतेम पाच आठवड्यांत उरकण्यात आला. लोकांनी पैसे मोजले आणि कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या वर्षी बाजारच कोसळला. सुमारे ३०० कोटी डॉलरची वार्षिक उलाढाल १९८५पर्यंत सुमारे १० कोटींवर आली. न खपलेल्या मालाचा काही भाग अटारीने न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. २०१४ साली तो खड्डा उकरला तेव्हा ते खेळ खरोखरच बाहेर निघाले. यंत्र काही बिघडले नव्हते. वर बांधलेली काडी किडकी निघाली.

त्याच १९८३ साली, १५ जुलै रोजी, जपानात एकाच दिवशी दोन कंपन्यांची दोन यंत्रे दुकानांत आली. एक सेगाचे, दुसरे निन्टेन्डोचे. निन्टेन्डो ही क्योटो शहरातली १८८९ सालची कंपनी. मूळ धंदा पत्ते छापण्याचा. तिने फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले आणि ते अमेरिकेत नेताना अटारीच्या फजितीवरून धडा घेतला. यंत्राच्या आत कुलपासारखी एक चिप बसवली. कंपनीची परवानगी नसलेला खेळ त्यात चालेना. शिवाय बाहेरच्या खेळकर्त्याला वर्षाला पाचच खेळ काढता येतील, असा नियम घातला. नियम जाचक होता, पण गिऱ्हाइकाचा विश्वास परत आला. जगभरात सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे खपली. त्याच दिवशी निघालेले सेगाचे यंत्र मात्र आज फार थोड्यांना आठवते.

सेगाने पुढे जिद्दीने टक्कर दिली. तिचे सोळा बिटांचे मेगा ड्राइव्ह १९८८ साली आले, तर निन्टेन्डोचे त्या जातीचे सुपर फॅमिकॉम १९९० साली. अमेरिकेत सेगाने किंमत उतरवली आणि यंत्राबरोबर सॉनिक नावाच्या निळ्या हेजहॉगचा खेळ दिला. काही काळ निन्टेन्डोची झोप उडाली. त्यानंतर सोनी मैदानात उतरली, आणि तीही एका मोडलेल्या सोयरिकीमुळे. निन्टेन्डोच्या यंत्राला तबकडी लावण्याचे काम सोनीकडे होते. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे सांगितले. सोनीतले केन कुतारागी यांनी मग कंपनीचे स्वतःचे यंत्र उभे केले. तेच प्लेस्टेशन. ते जपानात डिसेंबर १९९४ मध्ये आले. त्याच्या अकराच दिवस आधी सेगाचे सॅटर्न बाजारात आले होते.

मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केले की, सॅटर्न सप्टेंबरची वाट न पाहता आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. थोड्या वेळाने सोनीचा अधिकारी व्यासपीठावर आला. त्याने फक्त "२९९" एवढा आकडा उच्चारला आणि तो खाली उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण, श्रोतेहो, शंभर डॉलरच्या फरकाने सगळे झाले असे समजू नका. सॅटर्न घाईने आले तेव्हा त्यावर खेळायला फारसे काही नव्हते, आणि त्यासाठी खेळ लिहिणे किचकट होते. खेळकर्ते प्लेस्टेशनकडे वळले.

निन्टेन्डोचेही तेच झाले. तिचे १९९६चे निन्टेन्डो ६४ हे यंत्र जोरकस होते, पण तिने तबकडी नाकारून कॅसेटच ठेवली. कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मजकूर मावे आणि तबकडीत सुमारे ६५०. शिवाय कॅसेट तयार करायला महाग, तबकडी स्वस्त. फायनल फँटसी ही मालिका तोवर मुख्यतः निन्टेन्डोच्या यंत्रांवर येत असे. तिचा सातवा भाग १९९७ साली तीन तबकड्यांवर, प्लेस्टेशनसाठी निघाला. मालिका गेली आणि तिच्या मागोमाग गिऱ्हाईक गेले. अखेरचा हिशेब असा. प्लेस्टेशन १० कोटी २४ लाख, निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाख, आणि सॅटर्न एक कोटीसुद्धा नाही.

सेगाचा शेवटचा डाव म्हणजे ड्रीमकास्ट. जपानात १९९८, अमेरिकेत १९९९. इंटरनेटला जोडण्याची सोय त्यात आतच होती. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. पण सोनीने प्लेस्टेशन-२ येणार असे आधीच सांगून ठेवले होते. त्यावर डीव्हीडी चित्रपट दिसणार होते आणि पहिल्या प्लेस्टेशनचे खेळही चालणार होते. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. ज्याच्या घरी जुन्या तबकड्यांची चळत होती, त्याला नवे यंत्र घेताना ती फेकावी लागणार नव्हती. लोक थांबून राहिले. क्रीडाखेळांत अग्रेसर असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रे बनवणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. प्लेस्टेशन-२ मात्र साडेपंधरा कोटींहून अधिक खपले.

आणि ज्यांना वाटते की जास्त ताकदीचे तेच जिंकते, त्यांनी २००६ साल आठवावे. त्या वर्षी निन्टेन्डोचे वी हे यंत्र आले. चित्राच्या स्पष्टतेत ते प्लेस्टेशन-३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्या मागे होते. पण हातातली कांडी फिरवली की पडद्यावर टेनिसची बॅट फिरे, त्यामुळे आजीसुद्धा खेळू लागली. वी दहा कोटींवर गेले; बाकी दोन नऊ कोटींच्या आतच राहिले. याच कंपनीचे पुढचे यंत्र, २०१२चे वी-यू, सुमारे १ कोटी ३५ लाखांवर अडकले. म्हणजे कंपनीचे मागचे यश पुढच्या यंत्राची हमी देत नाही.

इथवर मी परदेशातल्या गोष्टी सांगितल्या. आता एक आपल्या घरातली सांगतो. ती मी आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

१९९४ साल. मी आठवीत होतो. वडील एस.टी.त कंडक्टर. आमच्या आळीत सात घरांत टीव्हीवर खेळायचे यंत्र होते. ते आठ बिटांचे, फॅमिकॉमची नक्कल केलेले, आणि सातही घरांतले एकाच जातीचे. त्याच्या कॅसेटी आळीभर फिरत. आज मारिओ जोश्यांकडे, उद्या कॉन्ट्रा मुल्लांकडे. मीही हट्ट धरला. वडील एका लग्नासाठी मुंबईला गेले होते. तिथे लॅमिंग्टन रोडवर त्यांनी दुकानदाराला विचारले, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?" दुकानदाराने खरे ते सांगितले. सोळा बिटांचे यंत्र दाखवले. चित्र सुरेख, आवाज सुरेख. वडिलांनी दिवाळीचे पैसे त्यात घातले आणि मांडीवर खोके घेऊन रातराणीने घरी आले.

दोन दिवस सारी आळी आमच्या घरी लोटली. तिसऱ्या दिवशी कोणी आले नाही. माझ्या यंत्राबरोबर आलेला खेळ एकच होता. आळीतल्या चौदा कॅसेटींपैकी एकही माझ्या यंत्रात शिरत नव्हती, आणि माझी त्यांच्या यंत्रात शिरत नव्हती. नवी कॅसेट आमच्या तालुक्याला मिळत नसे आणि सांगलीला मिळालीच तर तिची किंमत वडिलांच्या आठवड्याच्या पगाराच्या घरात. महिन्याभरात यंत्र ट्रंकेत गेले. मी पुन्हा जोश्यांच्या ओसरीवर माझी पाळी यायची वाट पाहू लागलो, तेही वडील ड्यूटीवर असताना. वडील आईला कौतुकाने म्हणत, "पोरगं शहाणं झालं. खेळ सोडून अभ्यासाला लागलं." मी त्यांचा समज तसाच राहू दिला. आता ते नाहीत.

त्या यंत्रात खोट नव्हती आणि त्या दुकानदारातही नव्हती. वडिलांनी प्रश्न चुकीचा विचारला होता. "सगळ्यात चांगलं कोणतं?" याऐवजी "आमच्या आळीत कोणतं आहे?" असे विचारायला हवे होते. म्हणून दाजींचा फोन आला तेव्हा मी दोन दिवस मागितले.

आता आजच्या बाजाराकडे वळू. यंत्र घेणाऱ्याने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरी बसून पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कोणते खेळ खेळायचे? मुलाला वहीत पाच नावे लिहायला सांगा. बहुतेक वेळा असे दिसेल की फुटबॉल, क्रिकेट, मोटारशर्यत असे मोठे खेळ प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोहोंवरही मिळतात. काही खेळ मात्र एकाच घराण्याचे असतात. मारिओ पाहिजे तर निन्टेन्डोशिवाय गत्यंतर नाही. काही आधी एकाकडे येतात, मग सगळीकडे. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने राजी नावाचा, भारतीय पुराणकथांच्या रंगातला खेळ केला. तो ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवर आला आणि सुमारे दोन महिन्यांनी इतर यंत्रांवर. अलीकडे या भिंतीही थोड्या खचू लागल्या आहेत. फोर्झा होरायझन ५ ही मायक्रोसॉफ्टची मोटारशर्यत २०२१ साली एक्सबॉक्स आणि संगणकापुरती होती, ती २०२५ साली प्लेस्टेशन-५ वरही आली.

दुसरी, कोणाबरोबर खेळायचे? शेजारी, चुलतभाऊ, वर्गमित्र यांच्याकडे कोणते यंत्र आहे? तबकड्यांची देवघेव होणार असेल तर हा प्रश्न बाकी सगळ्यांहून वरचढ ठरतो.

तिसरी, तबकडीचे की बिनतबकडीचे? प्रत्येक घराण्यात स्वस्त नमुना असतो. भारतात २०२०-२१ साली प्लेस्टेशन-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना आली, तर बिनतबकडीचे प्लेस्टेशन ३९,९९० ला आणि एक्सबॉक्स सिरीज एस ३४,९९० ला. किमती पुढे बदलल्या आहेत, पण फरक असतोच. तो पाहून मोह होतो. मात्र बिनतबकडीच्या यंत्रावर खेळ कंपनीच्याच इंटरनेटवरच्या दुकानातून घ्यावा लागतो. तो मित्राला देता येत नाही, जुना म्हणून विकता येत नाही, आणि किंमत ठरवणारा दुकानदार एकच. शिवाय ते दुकान कायमचे नसते. निन्टेन्डोने वी-यू आणि थ्रीडीएस यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०चे दुकान जुलै २०२४ मध्ये मिटले. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली, पण नवी खरेदी संपली. तबकडी कपाटात असते, आणि यंत्र चालते तोवर चालते.

चौथी, आपल्या गावची वीज आणि इंटरनेट. आजचा एखादा मोठा खेळ १०० जीबीचा असतो. तुमची जोडणी सेकंदाला २० मेगाबिटची असेल आणि ती अखंड चालली, तरी तो उतरायला अकरा तास लागतील. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत उतरवू म्हणाल तर पन्नास दिवस. तबकडी घेतली तरी पुष्कळदा पुढच्या दुरुस्त्या उतरवाव्या लागतात, हेही ध्यानात ठेवा. विजेचा खर्च मात्र बेताचा आहे. मोठे यंत्र भारी खेळ चालवताना सुमारे २०० वॅट घेते, म्हणजे पाच तासांना एक युनिट. खरी भीती अचानक जाणाऱ्या विजेची. मजकूर लिहिला जात असताना वीज गेली तर तो खराब होऊ शकतो. इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर जोडा. टीव्हीला एचडीएमआयची खाच आहे ना, तेही पाहा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला नवे यंत्र सरळ जोडता येत नाही. महागडा फोर-के टीव्ही मात्र मुळीच आवश्यक नाही.

पाचवी गोष्ट, पूर्ण हिशेब. पन्नास हजारांचे यंत्र. दुसरा कंट्रोलर पाच-सहा हजार. नवा मोठा खेळ पाच हजारांपर्यंत जातो. वर्षाला दोनच घेतले तरी पाच वर्षांत दहा खेळ, म्हणजे आणखी पन्नास हजार. ज्या यंत्राची किंमत दुकानात पन्नास हजार दिसते ते पाच वर्षांत घराला एक लाखाच्या पुढे पडते. मासिक वर्गणी भरून पुष्कळ खेळ वापरण्याचीही सोय असते. ज्याला नाना खेळ चाखायचे आहेत त्याला ती परवडते. पण वर्गणी थांबली की खेळही थांबतो, आणि वर्गणी वाढवणे कंपनीच्या हाती असते. पावती व हमी भारतातली आहे ना, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून परस्पर आलेला नग स्वस्त पडतो, पण बिघडला की त्याला कोणी वाली नसतो.

दोन दिवसांनी मी फोन केला तो दाजींना नव्हे, ओंकारला. आधी खेळांची नावे विचारली. फुटबॉल आणि क्रिकेट. दोन्ही दोन्हीकडे मिळणारे. म्हणजे दोन्ही दुकानदारांचा वाद तिथेच मिटला. मग विचारले, "खेळणार कोणाबरोबर?"

"सागर, इम्रान आणि धाकटी ताई."

"त्यांच्याकडे काय आहे?"

"सागर आणि इम्रान, दोघांकडेबी प्लेस्टेशन-४. जुनं हाय, मामा."

"आणि जुलैनंतर तू कुठे असशील?"

पोरगे जरा थांबले. "पुण्याला. हॉस्टेलवर."

मी पुढे काही बोललो नाही. हिशेब त्यानेच केला. चार महिन्यांनी तो घरी नसणार, आणि यंत्र धाकटी बहीण व सुट्टीचे दिवस यांच्यापुरते उरणार. प्लेस्टेशन-४ हे २०१३ सालचे यंत्र. त्यासाठी नवे खेळ आता कमी निघतात. पण त्याचे जवळजवळ सगळे खेळ प्लेस्टेशन-५ वर चालतात. म्हणजे आज जमवलेल्या तबकड्या उद्या तबकडीची खाच असलेले नवे यंत्र घेतले तर वाया जात नाहीत. खुंट बदलला तरी काडी तीच. आठवड्याने त्याने तासगावातच नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या एकाकडून जुने यंत्र, दोन कंट्रोलर आणि सहा तबकड्या अशी अठरा हजारांत खरेदी ठरवली. घेण्यापूर्वी तासभर चालवून पाहिले, तबकडी आत-बाहेर करून पाहिली आणि मूळ मालकाचे खाते पुसून घेतले. जुन्याची खरेदी अशीच करावी. उरलेल्या बत्तीस हजारांतून हॉस्टेलची अनामत भरली जाईल.

हे उत्तर सर्वांना लागू पडेल असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या मित्रांकडे एक्सबॉक्स आहे, त्याने तेच घ्यावे. ज्या घरात लहान मुले आणि आजी-आजोबा एकत्र खेळणार, त्यांनी निन्टेन्डोचा विचार करावा, हमीची चौकशी करून. ज्याला अभ्यासासाठी संगणक हवाच आहे, त्याने आधी तो घ्यावा. खेळ त्यावरही चालतात. पण दुकानात "सगळ्यात चांगलं कोणतं?" असे विचारू नये. आधी मुलाला जवळ बसवून "कोणाबरोबर खेळणार?" एवढे विचारावे.

परवा दाजींचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "पाव्हणं, काल लाईट आल्यावर मी बी एक डाव खेळलो. पोरीनं सात गोल मारलं माझ्यावर. पुढच्या रविवारी या तुमी."

रविवारी मी तासगावला जाणार आहे.